मॅमथ केव्ह : ‘अ‍ॅडव्हेंचर’ची गुहा पाहायला जायचं तर

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह लुईव्हिल आणि नॅशव्हिल या दोन्ही शहरांपासून साधारण 145 किलोमीटरवर आहे. मुक्कामाला जवळचं केव्ह सिटी हे गाव बरं. लुईव्हिलहून येणाऱ्यांचं घोडं परतीला पेंड खातं. गुहेचं घड्याळ लुईव्हिलच्या एक तास मागे चालतं, त्यामुळे जाताना तास मिळतो आणि येताना जातो. परतीचं विमान असेल तर हिशेब आधीच करून ठेवा.

कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करून खेळायच्या, चित्रांशिवायच्या साहसखेळांचा मूळपुरुष म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंचर’, आणि त्याचा नकाशा या जमिनीखालचा आहे. पण खेळातला भाग, म्हणजे फ्लिंट रिज या डोंगरकण्याखालचा बेडक्विल्ट, पर्यटकांना बंद आहे. त्याचं दार शोधत रानात हिंडू नका. त्याऐवजी मॅमथमधल्या हिस्टॉरिक टूरचं तिकीट ऑनलाइन आधी काढा. उन्हाळ्यात ऐनवेळी मिळेलच असं नाही. दोन तास, सुमारे सव्वातीन किलोमीटर, 540 पायऱ्या. आत बाराही महिने 12-13 अंश, म्हणून जाकीट हवंच. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट मात्र नकोत. वटवाघळांना मारणाऱ्या बुरशीमुळे बाहेर पडताना साबणपाण्याच्या चटईवरून चालावं लागतं.

रोटुंडा दालनात 1812च्या अमेरिका-ब्रिटन युद्धकाळातले, बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायचे लाकडी हौद आहेत. पुढे ‘फॅट मॅन्स मिझरी’ची बोळ लागते. कंबरेखाली कपारी, त्यात पाय वळतील तसे टाकायचे, आणि खांद्यावरची पिशवी हमखास अडकते. खेळातली ‘रांगत जा, पुढे चिंचोळं आहे’ ही भाषा इथे अंगाला कळते.

या खेळाचा कर्ता विल क्राउदर बोस्टनजवळच्या बीबीएन कंपनीत अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, काम करायचा आणि सुट्टीत गुहा मोजायचा. मोजणी म्हणजे एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्याचं टेपने अंतर, होकायंत्राने दिशा आणि चढ-उताराचा कोन. वहीतले हे आकडे तो आणि पत्नी पॅट्रिशिया घरच्या टेलिटाइपवरून (टाइपरायटरसारख्या यंत्रावरून) कॉम्प्युटरला भरवत आणि नकाशे काढत. फ्लिंट रिज आणि मॅमथ या गुहा जोडल्याचं 9 सप्टेंबर 1972 रोजी सिद्ध करणाऱ्या तुकडीत पॅट्रिशिया होती. घटस्फोटानंतर, 1975-76च्या सुमारास, क्राउदरने मुलींसाठी खेळ लिहिला. जादू, बुटके वगैरे मसाला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या भूमिकाखेळाचा, बोळ मात्र सर्वेक्षणातले. खेळातल्या खडकावरचं ‘वाय2’ मंत्रासारखं वाटतं, पण ते मोजणीच्या ठाण्याचं नाव आहे.

खेळ पीडीपी-10 या त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला. त्या यंत्राच्या 36 बिटांच्या ‘शब्दात’ (एका वेळी हाताळायच्या तुकड्यात) सात-सात बिटांची पाचच अक्षरं मावत, म्हणून आज्ञेतली पहिली पाचच अक्षरं वाचली जातात. ‘नॉर्थईस्ट’ टाइप केलं की खेळ ‘नॉर्थ’ समजतो आणि तुम्ही भलतीकडे जाता. त्यासाठी ‘एनई’ वापरा. पूर्वेला गेल्यावर पश्चिमेने परत येता येईलच असंही नाही, कारण गुहेतली बोळ मध्ये वळलेली असते. सगळ्या सारख्या दिसणाऱ्या बोळांच्या भुलभुलैयात प्रत्येक ठिकाणी एकेक वेगळी वस्तू टाकत जा आणि कागदावर टिपा. दुसरा उपाय नाही.

1977 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने खेळ वाढवला. चुनखडीच्या गुहेत ज्वालामुखी आला तो त्याच्याच हातून. जगभर गेली ती हीच आवृत्ती. एमआयटीतल्या मंडळींनी ती पाहून त्याच वर्षी ‘झॉर्क’ या तशाच खेळाला हात घातला. खेळ म्हणून वुड्सची आवृत्ती सरस, पण गुहेशी ताडून पाहायचं तर क्राउदरची मूळ घ्या. तिचा कोड वुड्सच्या स्टॅनफर्डमधल्या जुन्या खात्याच्या बॅकअपमध्ये सापडला आणि 2007 पासून सर्वांना खुला आहे.