कृष्णधवल प्रिंटसाठी पुण्यात लॅब शोधताना

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी गेला हिवाळाभर फोटो काढत होते. तांब्याची झळाळी बघता ते रंगीत ठेवायचा मोह होतोच, पण मला हवं होतं ते मठारकाम. हातोडीच्या प्रत्येक घावाला एक बारीक खळगा, त्याच्या एका कडेवर उजेड, दुसरीवर सावली, आणि मागे काजळीनं काळी पडलेली भिंत. एका सामूहिक प्रदर्शनासाठी यातल्या काही फोटोंचे बारा बाय अठराचे प्रिंट हवे होते. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरूनही फाइल पुरून उरत होती. अडचण पुढे होती.

पुण्यात फोटो लॅबना तोटा नाही, पण त्यातल्या बहुतेक लग्नाच्या अल्बमवर चालतात. तुळशीचं लग्न लागलं की बारा बाय छत्तीसची पानं धडाधड निघू लागतात, आणि मशीनवाल्याची नजर शालूच्या लाल रंगावर आणि नवरीच्या गोरेपणावर बसलेली असते. तिथे ब्लॅक अँड व्हाइटबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "करतो की ताई, कलर काढून देतो." पहिल्या लॅबमधून आलेल्या प्रिंटमध्ये काजळीची भिंत शेवाळलेली दिसत होती. दुसरीकडे तीच भिंत जांभळट. काउंटरवरच्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, हे ट्यूबलाइटमुळे." बाहेर उन्हात जाऊनही ती जांभळटच होती.

यात लॅबवाल्याचा दोष थोडा आणि पद्धतीचा जास्त. या मशीनमध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशानं रंगीत फोटोपेपर एक्स्पोज होतो आणि मग केमिकलमधून जातो. त्या कागदात काळा रंग नसतोच. निळसर सायन, मजेंटा आणि पिवळा असे तीन थर मिळून करडा आणि काळा तयार करतात. केमिकल जरासं जुनं झालं, कॅलिब्रेशन राहून गेलं, की तिघांचा तोल जातो. रंगीत फोटोत ते खपून जातं. करड्या रंगात मात्र नवख्यालाही चटकन दिसतं. त्यातही सावलीत हिरवट आणि उजेडात गुलाबी असा प्रकार झाला, तर फाइलमध्ये एकसरशी दुरुस्ती करायलाही वाव उरत नाही.

शिवाय ऑटो करेक्शन. मी मुद्दाम काळोखात ठेवलेला कोपरा मशीन आपणहून उजळून देतं. "करेक्शन बंद ठेवा, फाइल आहे तशी जाऊ द्या," हे वाक्य मी मग फाइल देतानाच म्हणू लागले, आणि बिलावरही लिहून घेऊ लागले. तेवढ्यानं अर्धं काम सुधारलं.

मग एक युक्ती केली. आठ बाय बाराच्या एकाच फाइलमध्ये एका फोटोचा तुकडा तीन उजेडांत ठेवला आणि खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची करडी पट्टी टाकली. फाइल ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांची, न ठेवता एसआरजीबी या नेहमीच्या रंगीत पद्धतीत, कारण काही लॅबची सॉफ्टवेअरं ग्रेस्केलवर अडतात. हा एकच कागद प्रत्येक लॅबकडून काढून घेतला. बोलणं कितीही गोड असो, पट्टीतल्या शेवटच्या काळ्या पायऱ्या वेगळ्या दिसतात की एकमेकींत बुडतात, मधला करडा कुठल्या रंगाकडे कलतो, हे खिडकीपाशी धरलं की कळतं. सगळ्याच लॅबचे प्रिंट काळपट येत होते, ते मात्र माझ्या मॉनिटरमुळे. तो फार उजळ होता, म्हणून फाइल मी नकळत गडद ठेवत होते. ब्राइटनेस १२० कँडेलाच्या (प्रति चौरस मीटर, हे पडद्याच्या उजेडाचं माप) आत आणल्यावर ती तक्रार मिटली.

खऱ्या कृष्णधवल कागदावर, चांदीच्या क्षारांच्या, डिजिटल फाइल एक्स्पोज करून देणारी सोय ब्रिटनमध्ये हारमन लॅबकडे आहे. पण टपाल, कस्टम आणि चुकलं तर पुन्हा टपाल, हे गणित बघून मी तो विषय सोडला.

शेवटी जमलं ते कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, इंकजेटवर छापणाऱ्या माणसाकडे. पाटीसुद्धा धड नाही. त्याच्याकडे पिगमेंट शाईचा, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा, मोठा एप्सन प्रिंटर होता. एप्सननं २००५ साली काळा, फिका काळा आणि अतिफिका काळा अशा तीन काळ्यांची शाई आणली, तेव्हापासून इंकजेटवरचं कृष्णधवल काम सुधारलं, कारण करडा रंग मुख्यतः या काळ्यांमधूनच येतो, रंगीत शाई नावापुरती लागते. त्यानं माझ्या पट्टीकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "प्रिंट लागणार कुठे? लाइट कसला आहे?" तिथेच मी ठरवलं की काम याच्याकडे द्यायचं. कागदाचा प्रोफाइलही, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणारी फाइल, त्यानं न मागता मेल केला, म्हणजे घरी स्क्रीनवरच अंदाज घेता आला.

कागदावरून मात्र आमची बरीच घासाघीस झाली. त्याचा आग्रह हानेम्यूले या जर्मन कंपनीच्या फोटो रॅग या मॅट कागदाचा. ३०८ जीएसएमचा शुद्ध कापसाचा कागद, हातात घेतला की सोडवत नाही, आणि ती गिरणी १५८४ पासूनची, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही ४६ वर्षं आधीची. पण मॅट कागदावर काळा रंग एका मर्यादेपलीकडे खोल जात नाही, आणि माझी तर सगळी भिंतच काजळीची. बरायटा या किंचित चकाकणाऱ्या कागदावर तोच फोटो छापल्यावर भिंत मागे सरली आणि हंड्यावरचे खळगे बोटांना लागतील असे पुढे आले. चकाकी थोडी सोसावी लागते. कारागिरांच्या हातांचे जवळून घेतलेले फोटो रॅगवर अधिक मऊ येत होते, हेही खरं. पण एका भिंतीवर दोन कागद डोळ्याला खुपतात, म्हणून सगळे बरायटावरच घेतले. मध्येच माझ्या डोक्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरायचं आलं होतं. त्यानं हसून एक तुकडा छापून दाखवला. इंकजेटचं कोटिंग नसलं की शाई आत शोषली जाते आणि काळ्याचा मळकट करडा होतो.

खर्च साध्या लॅबच्या कितीतरी पट आला. पण प्रत्येक फोटोचा आधी छोटा तुकडा, मग पूर्ण प्रिंट, आणि शाई नीट वाळेपर्यंत म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, एवढं करणाऱ्याला तेवढे द्यायला माझी हरकत नव्हती. फ्रेमवाल्याकडून माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून घेतला, म्हणजे काच प्रिंटला चिकटत नाही.

प्रदर्शन उरकल्यावर एक प्रिंट मी आळीतल्या काकांना नेऊन दिला. त्यांनी तो उजेडात धरला, स्वतःचे हात पाहिले, हंडा पाहिला आणि म्हणाले, "झकास आलाय. पण तांब्याचा रंग कुठाय? रंगीत नाही का निघत?" निघतो की. आठ बाय बारा, ग्लॉसी, लक्ष्मी रस्त्यावर अर्ध्या तासात मिळाला, आणि रंग अगदी बरोबर आला.