ट्यूब लागली आणि अक्षरं गेली

बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाचा बोर्ड. 10 बाय 6 फूट, बॅकलिट, म्हणजे आत ट्यूब. फोटोत हिरवी जरीची साडी. डावीकडे पसरलेल्या पदरावर कन्नड, त्याखाली मराठी. दुपारी चढवला तेव्हा रस्त्यापलीकडून स्वच्छ वाचता येत होता. सातला मालकांचा फोन, ‘‘ट्यूब लावली बगा, अक्षरंच गेली की वो!’’

गेलो तर खरंच. पांढरी अक्षरं जागेवरच, पण मागचा गडद पट्टा उडालेला आणि जरीची चमक अक्षरांत घुसलेली. चूक माझी. पट्ट्याला काळा फक्त 45 टक्के दिला होता, आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघितलं साध्या फ्लेक्सवर, दिवसाउजेडी. समोरून पडलेला उजेड शाईतून आत जातो आणि पांढऱ्या फ्लेक्सवर आपटून शाईतूनच परत येतो. मागून ट्यूब असली की शाईतून एकदाच जातो. त्यामुळं तीच शाई फिकी पडते. मधल्या छटा तर पार धुतल्यासारख्या.

रात्रीच फाइल उघडली. सगळीकडं काळं फासलं तर साडी मरते, आणि मालकांना विकायची आहे ती साडीच. म्हणून पट्टा काढला आणि डाव्या कडेपासून विरत जाणारी छटा टाकली. कडेला 85 टक्के, साडीच्या काठापाशी शून्य. रंगही काळा नव्हे, पदराच्या घडीतला सगळ्यात गडद हिरवा उचलला. अक्षरांखालच्या जरीला हलका ब्लर, छटेत दोन-तीन टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणे (नाहीतर छपाईत पायऱ्या दिसतात), आणि मशीनवर शाई डबल पास, म्हणजे दोनदा.

मालकांना लाल अक्षरं हवी होती. फाइल ग्रेस्केल करून दाखवली, तर लाल अक्षर आणि ही हिरवी साडी एकाच करड्यात मिसळली. पिवळसर पांढऱ्यावर तोडगा निघाला.

बोर्डावरच्या ‘महोत्सव’ला कड द्यायची म्हणजे वेगळाच ताप. फाँटमध्ये काना-मात्रा सुटे तुकडे असतात, त्यामुळं आउटलाइन दिली की शिरोरेषेच्या सांध्यासांध्यावर रेघा उमटतात. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आधी कर्व्ह, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, मग वेल्ड, म्हणजे तुकडे जोडून एकसंध. घाईत कंबाइन दाबलं तर सांध्यांवर भोकं पडतात. कड अक्षराच्या मागं ठेवायची आणि कोपरे गोल करायचे, नाहीतर मात्रांच्या टोकांना काटे फुटतात.

शिवाय कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड लागते, तीही वरच्या अर्ध्यात. कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, आपली वेलांटी वर जाते. ‘हब्ब’चा (कन्नडात सण) खालचा ‘ब’ नेमका ‘दिवाळी’च्या वेलांटीत अडकला होता. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट केलं तेव्हा सुटला.

दुसऱ्या दिवशी ट्यूब पेटवूनच बोर्ड बसवला. फोन नंबर मात्र अजून निऱ्यांवरच आहे. मालक हलवू देईनात.