तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या पाट्या कोऱ्याच का?

"शाळेचं संग्रहालय म्हणता, मग मुलानं लिहिलेली एक तरी पाटी दाखवा की! सगळ्या धुऊनपुसून ठेवल्यात." शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो, आणि त्यामागचा टोमणाही: तुम्हाला खऱ्या मुलाशी काही देणंघेणं नाही. थोडं खरं आहे. थोडंच.

मुळात ही संग्रहालयं जुनं जपायला निघालीच नव्हती. 1854 मध्ये लंडनला शालेय साहित्याचं प्रदर्शन भरलं आणि त्यातला बराच माल 1857 मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन भागातल्या नव्या संग्रहालयात जाऊन बसला. त्याच वर्षी कॅनडात, टोरंटोला, तिथले शिक्षणप्रमुख एगर्टन रायर्सन यांचं शिक्षण-संग्रहालय उघडलं. पॅरिसचं 1879 मधलं. त्यामागचे फ्रेंच शिक्षणतज्ज्ञ फेर्दिनां ब्युइसाँ यांनी व्हिएन्ना (1873) आणि फिलाडेल्फिया (1876) इथली जागतिक प्रदर्शनं पाहून शाळांवर अहवाल लिहिले होते. बाक कसं असावं, नकाशा कुठला घ्यावा, पृथ्वीचा गोल कसला, हे शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी येऊन बघावं, हा हेतू. शोरूमच म्हणा ना. वस्तू यायच्या त्या प्रकाशकांकडून, कारखानदारांकडून, कोऱ्या करकरीत. त्या बाकावर कुणी नाव कोरलेलं नसणारच. माल शिळा झाला, कोठारात गेला, आणि पुढे आपण त्याला इतिहास म्हणू लागलो. पॅरिसचा तो संग्रह आता फ्रान्समधल्याच रुआँ शहरात आहे, नऊ लाखांहून जास्त वस्तू. तिथे मुलांच्या वह्याही आहेत. पण कुठल्याही संग्रहात टिकते ती बहुधा सुवाच्य वही, बक्षिसाची किंवा प्रदर्शनासाठी पुन्हा उतरवून काढलेली. खाडाखोडीची वही बंबात जाते.

पाटीचं तर त्याहून अवघड. पुसायची म्हणूनच ती पाटी. तिच्याही आधीची धूळपाटी: हात फिरवला की अक्षर गेलं. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यांनी मद्रासेत मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि ती रीत इंग्लंडात नेली. तिथल्या शाळांत बिगरीतली मुलं वाळूच्या तबकावर बोटानं लिहायची. त्यातलं एक अक्षर आज कुठे सापडेल?

म्हणून पूर्वी मी ठासून सांगत असे की कोरी पाटी हाच पाटीचा खरा पुरावा. ऐकायला छान वाटतं. पळवाट होती ती. कारण काही पाट्या आणि फळे लिहिलेल्या अवस्थेतच संग्रहालयात पोचले, आणि तिथे आल्यावर पुसले गेले.

ऑक्सफर्डचं उदाहरण घ्या. 1931 च्या मे महिन्यात आइनस्टाइन यांनी तिथे व्याख्यान दिलं. त्यांचे फळे पुसायचे नाहीत असं ठरलं आणि दोन फळे विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयाकडे आले. एक आजही भिंतीवर आहे, शेवटच्या ओळींत विश्वाची घनता, त्रिज्या आणि वय यांचे आकडे. दुसरा कोठारात होता. तिथे तो चुकून स्वच्छ केला गेला. चोरी नाही, आग नाही, पूर नाही. खडूनं माखलेला फळा दिसला की पुसायचा, हे वळण शाळेनंच प्रत्येकाच्या हाताला लावलेलं असतं. आइनस्टाइन यांच्या फळ्याची ही गत, तर पाढे लिहिलेल्या निनावी पाटीला कोण विचारतो? दानात आलेली पाटी आधी ओल्या फडक्यानं "जरा नीट" केली जाते, मग तिची नोंद होते. नोंदीत लिहितात: दगडी पाटी, लाकडी चौकट, स्थिती उत्तम.

उलट अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत 2015 मध्ये एमर्सन शाळेचे फळे काढताना मागे आणखी जुने फळे निघाले. त्यांवर 1917 च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या तारखा, रंगीत खडूची चित्रं, गुणाकाराचं एक चक्र, सगळं जागच्या जागी. ते कुणी जतन केलं नव्हतं. न पुसताच वर नवे फळे ठोकले, म्हणून राहिलं.

"मग फिक्सेटिव्ह मारा की," म्हणजे खडू जागेवर चिकटवणारा फवारा, हा पुढचा सल्ला ठरलेला. नका मारू. फवाऱ्याच्या झोतानं सुटी भुकटी उडते. खडू पांढरा दिसतो तो कणांमधल्या हवेमुळे. तिथे चिकट द्रव शिरला की पांढरेपणा मरतो, रेघ करडी पडते. समोर ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, तावदानंही नकोत. त्यांवर स्थिर विद्युतभार साठतो आणि खडूची भुकटी पाटीवरून उठून तावदानाला चिकटते. काच लावा, पाटीला टेकणार नाही अशा बेतानं. पाटी फक्त चौकटीला धरून उचला, आडवी ठेवा, लिहिलेली बाजू वर. ढकलगाडीवरून नेताना खालच्या हादऱ्यांनीच अर्धी अक्षरं गळतात. सगळ्यात आधी फोटो, तोही दिवा पाटीच्या पातळीला जवळजवळ टेकवून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पाटीवरची कडक पेन्सिल दगडावर बारीक ओरखडा पाडते. खडू धुतला जातो, ओरखडा राहतो. पुसलेल्या पाटीवरही असा तिरपा उजेड टाकला तर कधी एखाद्या अक्षराची उभी रेघ दिसते, कधी एकावर एक चढलेले चार दिवसांचे आकडे, वाचता न येणारे.

म्हणजे "कोऱ्या" म्हणून मांडलेल्या सगळ्याच पाट्या कोऱ्या असतात असं नाही. पण हे सांगितलं की लगेच विचारतात, मग एखादीवर तुम्हीच वळणदार अक्षरात काहीतरी लिहून का ठेवत नाही, मुलांना कळेल तरी. बऱ्याच ठिकाणी लिहून ठेवतात. नवी पाटी असेल आणि शेजारी तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर माझी हरकत नाही. जुन्या पाटीवर मात्र नको, कारण नव्या पेन्सिलीचा ओरखडा जुन्यावर बसतो आणि नंतर कुठला कुणाचा ते सांगता येत नाही. यावर ते म्हणतात, शंभर वर्षं मुलांनी तरी तिच्यावर दुसरं काय केलं? याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.