शिशीचा फोटो

फोटो काढायला काचेच्या बाटलीइतकी लबाड वस्तू दुसरी नाही. मडकं, खलबत्ता, पाटा-वरवंटा यांच्यावर उजेड टाकला की ते मुकाट्याने आपलं रूप दाखवतात. बाटलीवर टाकला की ती तोच उजेड आपल्या डोळ्यांत परत मारते, वर फोटो काढणाऱ्याचं नाकही दाखवते. तिचं स्वतःचं असं दाखवायला फार काही नसतंच. म्हणून उजेड बाटलीला द्यायचाच नाही, तिच्या आजूबाजूला द्यायचा.

शहरातल्या स्टुडिओत यासाठी सॉफ्टबॉक्स असतो, म्हणजे पांढऱ्या कापडाआड दिवा कोंडलेली पेटी. बाटल्यांसाठी तर उभी, अरुंद पेटी वेगळी मिळते. पोटावर एक उभी पांढरी रेघ उमटली की बाटलीची गोलाई कळते, एवढ्यासाठी. आमच्याकडच्या जुन्या मातीच्या घरांत ही सोय बांधतानाच होऊन गेलेली आहे. भिंती जाड, वर कवेलू, खिडकी नावापुरती, आणि उजेड येणार तो दारातूनच. बाहेर मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन रणरणत असतं, पण ओसरी ओलांडून माजघरात पोचेस्तोवर ते निवतं. दाराची एक फळी लोटली की बाटलीवरची रेघ बारीक, दोन्ही उघडल्या की जाड. रेघेच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला तर समजायचं, दारात कोणीतरी उभं आहे.

बहुतेक वेळा शेजारची काकूच असते.

"रिकाम्या शिश्यांचे काय फोटो काढून राह्यला रे बाबू?"

काचेची कड दाखवायचे दोन रस्ते आहेत. एक, मागे पांढरं धोतर ताणून त्यावर उजेड घ्यायचा. बाटलीची कड आपोआप काळी होते, कारण तिथे काच उजेडाला वाकवते आणि धोतराऐवजी बाजूचा अंधार दाखवते. दोन्ही अंगांना काळी छत्री किंवा काळा पुठ्ठा उभा केला तर ती कड पेन्सिलीने कोरल्यासारखी येते. दुसरा रस्ता उलटा. मागे काळी घोंगडी, आणि उजेड मागूनच, पण घोंगडीच्या कडेने. मग बाटली अंधारात, कड तेवढी चमकते. जाहिरातवाल्यांना हा दुसरा प्रकार फार आवडतो. मला तो जरा नटवा वाटतो. पण घोंगडीला तोड नाही हे खरं. लोकर उजेड पिऊन टाकते, काळा सॅटिन उलट चकाकतो.

तपकिरी औषधाच्या शिशीचं मात्र वेगळंच. तिचा रंगच आतल्या औषधाला उजेड लागू नये म्हणून असतो, त्यामुळे फोटोत ती सरळ काळी ठिक्कर येते. तिच्या मागे चिप्सच्या पुडीची आतली चंदेरी बाजू शिशीच्याच आकारात कापून लपवायची. मग ती मधासारखी पेटते. जवसाच्या तेलाच्या बाटलीला एवढंही करावं लागत नाही.

थंड बाटलीवरचे थेंब हवे असतील तर उन्हाळ्यात आमच्या हवेच्या नादी लागू नये. घाम फुटतो न फुटतो तोच सुकतो. जाहिरातीतले थेंबही बहुधा पाणी आणि ग्लिसरीनचेच असतात.

गोल बाटलीत पाणी भरून ती दारासमोर ठेवली की आणखी एक गंमत. पाण्याने भरलेली बाटली म्हणजे भिंगच, तेही आडवं उलटवणारं. डावीकडून आलेली बैलजोडी बाटलीत उजवीकडून शिरते. काकूला हे दाखवलं तेव्हापासून ती रिकाम्या शिश्यांबद्दल बोलत नाही, भरलेल्या मागते.

मांडणीचे नियम पुस्तकी आहेत. वस्तू विषम संख्येत ठेवा, उंची सारखी नको. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रापासून हेच ऐकत आलो. मला ते अर्धेच पटतात. पारावर बसलेली म्हातारी माणसं कशी एकमेकांना रेटून, एखादा जरा बाजूला, तशा बाटल्या बसल्या की बरं वाटतं. फक्त दोघींचे खांदे नुसते टेकू द्यायचे नाहीत. एकतर एकीला दुसरीच्या मागे सरकवा, नाहीतर मध्ये बोटभर फट सोडा. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जिओ मोरांदी (1890–1964) जन्मभर अशाच बाटल्या मांडून रंगवत बसला. काचेची चकाकी नको म्हणून तो बाटल्यांना रंग फासायचा आणि त्यांच्यावरची धूळ पुसू द्यायचा नाही. धुळीच्या बाबतीत आमचं गाव त्याला कमी पडलं नसतं.

कपबशी आणि शिशी एकाच फोटोत घेऊ नये, हे माझं ठाम मत. कपबशी पांढरी फटक होते, शिशी उपाशी राहते. फोटोकलेच्या सुरुवातीलाच इंग्लंडच्या टॅलबटला हे कळलं होतं. 1844 साली छापलेल्या त्याच्या चित्रांत चिनी माती एका चित्रात आणि काच दुसऱ्यात.

राहिली गोटी सोड्याची बाटली. इंग्लंडच्या हायरम कॉडने 1872 मध्ये पेटंट घेतलेली. आतल्या ग्यासच्या दाबाने गोटी वर जाऊन तोंडातल्या रबरी कड्याला बसते, आणि ओतताना मानेतल्या खाचांत अडकते. जाड हिरवट काच, दाबलेली मान, आत फिरणारी गोटी, फोटोला याहून काय पाहिजे? पण सोडेवाला बाटली घरी नेऊ देत नाही. ती त्याची भांडवलाची वस्तू. म्हणून फोटो आठवडी बाजारात, त्याच्या गाडीवरच काढायचा. वर निळी ताडपत्री, सगळा उजेड निळा, हिरवी काच मोरपंखीकडे झुकलेली. मी पांढरा रुमाल धरून रंग जुळवत असतो, तोवर गाडीमागून आवाज येतो, "फोटो मंग काढ भाऊ, आंधी पेऊन घे. ग्यास निंगून राह्यला."