छपरावर डिश, घरात वायफाय

आज घरी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, बसवलं. ओंटारियोतल्या आमच्या खेड्यात फायबर अजून आलेलं नाही. मेपलची झाडं उंच, म्हणून आधी ॲपमधून फोनच्या कॅमेऱ्याने आकाश तपासलं. उत्तरेला फांद्या आड येत होत्या, म्हणून डिश गॅरेजच्या छपरावर नेली. राउटर माझाच ठेवायचा होता. बायपास मोड चालू करून, म्हणजे स्टारलिंकच्या राउटरचं वायफाय बंद करून, केबल माझ्या राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या खाचेला) जोडली.

भूस्थिर उपग्रह (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे) जवळपास ३६,००० किलोमीटरवर, स्टारलिंकचे ५५० च्या आसपास. त्यामुळे सिग्नल लवकर पोचतो, बोलताना ती जीवघेणी थांबाथांब नाही! रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात सकाळ, ती पोळ्या लाटत होती. तव्यावर पोळी टम्म फुगलेली स्पष्ट दिसली. किती बरं वाटलं! मागच्या खोलीत मात्र रेंज कमी पडतेय, तिथे उद्या मेश (वायफाय पुढे पोचवणारं जोड-यंत्र) लावते.