मोडका पंख

शिबिराचा तिसरा दिवस. पहाटेच चौदा मुलांना घेऊन तलावावर पोचले. पाणी ओसरून चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर शेकाट्यांची, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांची, गर्दी. "ताई, यांचे गुडघे उलटे का वाकतात?" एकाने दुर्बिणीवरून डोळे न काढता विचारलं. तो गुडघा नाहीच, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे ऐकून सगळे आपापले घोटे चाचपायला लागले. मग चिखलातल्या इतर पक्ष्यांच्या चोचींकडे वळलो. चिखल्या पळत पळत वरच्यावर टिपतो, तुतारी जरा आत टोचते, पाणटिवळा तर डोळ्यांपर्यंत चोच खुपसतो. चिखल एकच, पण प्रत्येकाचं पान वेगळं मांडलेलं.

पाणटिवळ्यावरून मी २०२२ सालची गोष्ट काढली. जेमतेम पाच महिन्यांचा पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता, ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचला...

"ताई, त्याचा पंख मोडलाय!"

कंठेरी चिखल्या होता. चिमणीएवढा जीव, डोळ्याभोवती पिवळं कडं. एक पंख घासत, शेपटी फिसकारून गोट्यांवरून खुरडत चालला होता. एक मुलगी त्याला उचलायला धावलीसुद्धा.

"थांब! कोणीही पाऊल हलवू नका!" माझा आवाज इतका चढला की शेकाटे उडाले.

पंखाला काही झालेलं नव्हतं. शत्रूला घरट्यापासून लांब न्यायचं ते सोंग. म्हणजे घरटं आमच्या पायांतच कुठेतरी होतं. सापडलं ते एका मुलाच्या बुटापासून वीतभर अंतरावर: चार ठिपकेदार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, गोट्यांत गोटे. आदल्या संध्याकाळी मी ही जागा नुसती लांबून पाहिली होती, चालून पाहिली नव्हती. ती चूक माझीच.

ऊन चढत होतं, उघडी अंडी तापायला वेळ लागत नाही. एकामागे एक, खाली बघत, आल्या वाटेने मागे सरलो आणि साठेक पावलांवर स्कोप, म्हणजे मोठी दुर्बीण, लावला. पक्षी तुरुतुरु आला, थबकला, दोनदा भलतीकडेच बसल्यासारखं केलं. शेवटी पोटाची पिसं फुलवून अंड्यांवर टेकला.

"बसला," स्कोपला डोळा लावलेली ती मुलगी कुजबुजली. दुपारचा मैदानी खेळ याच काठावर ठरला होता. तो दुसरीकडे न्यायला हवा, हे मी बोलायच्या आत तिनेच सांगितलं.