मटन स्ट्रीटवरची जनता आणि १८ मिलिमीटरचा पट्टा

वडिलांच्या मनगटावर आयुष्यभर एकच घड्याळ होतं, एचएमटी जनता. दाढी आटोपली की आरशासमोर उभं राहूनच ते चावी द्यायचे. चावीचा तो कुरकुर आवाज आमच्या घरातल्या सकाळचा आवाज होता. ते गेल्यावर घड्याळ थोरल्या भावाकडे गेलं, ते योग्यच झालं. पण तसंच एक आपल्याही हातावर असावं, ही इच्छा मनातून जाईना.

गेल्या वर्षी ऑनलाइन एक जनता मागवली, २,८०० रुपयांना. आली तेव्हा अगदी लखलखीत होती. आमच्या पुण्याच्या घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं, भिंग लावून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "मशीन खरं आहे. डायल, काटे, बॉडी सगळं नंतरचं." फार वाईट वाटलं. पैसे गेले त्यापेक्षा, वडिलांचं म्हणून जे जपायचं होतं ते रंगवलेलं निघालं, याचं वाईट जास्त. तेव्हाच ठरवलं, की पुढचं घड्याळ हातात घेऊन, मोजून, उघडून बघितल्याखेरीज घ्यायचं नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी भाच्याला सोबत घेतलं आणि मुंबईचा चोरबाजार गाठला. त्यालाही पहिल्या पगारातून एक जुनं घड्याळ घ्यायचं होतं.

खरी तयारी घरीच होते, म्हणून आधी तिचं सांगतो. शिवणकामाच्या टेपने मनगटाचा घेर मोजला. माझा १६ सेंटिमीटर, भाच्याचा साडेअठरा. पण नुसत्या घेरावर जाऊ नका. हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाचा वरचा सपाट भाग आडवा किती रुंद आहे ते मोजा. माझा जेमतेम ५० मिलिमीटर भरला. घड्याळाला पट्टा अडकवायचे जे चार पाय असतात, त्यांना दुकानदार लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी या सपाट भागाच्या आत राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून. ती बाहेर गेली, की घड्याळ मनगटावर बसत नाही, पूल टाकल्यासारखं अधांतरी राहतं आणि शर्टाच्या बाहीत अडकतं. लोक फक्त व्यास विचारतात आणि तिथेच फसतात. ३८ मिलिमीटरचं लांब लगांचं घड्याळ माझ्या हाताला मोठं होतं आणि ४० चं आखूड लगांचं व्यवस्थित बसतं, हे मी स्वतः घालून पाहिलं आहे.

जुनी जनता किंवा एचएमटीचंच दुसरं मॉडेल पायलट, चावी सोडून साधारण ३५ मिलिमीटर भरते, पट्ट्याची जागा १८ मिलिमीटर. भाचा रोज ४४ मिलिमीटरचं स्मार्टवॉच घालतो. आकडा ऐकून म्हणाला, "मामा, ३५ म्हणजे बायकांचं वाटेल." मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून लगांसकट ३५ चा आकार कापून त्याच्या हातावर ठेवला. तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत पुरुषांची घड्याळं ३३ ते ३६ मिलिमीटरचीच असत. पाच-सहा दिवस घातलं की डोळा सरावतो. आणखी एक लक्षात ठेवा: पांढरी डायल काळीपेक्षा मोठी दिसते, कडा बारीक असली तर आणखी मोठी. चौकोनी घड्याळ तर आकड्याने लहान असूनही हातावर भरपूर जागा घेतं. पुठ्ठ्याचा हा प्रयोग घरी करून जा, कारण दुकानात हौसेपुढे मोजमाप सुचत नाही.

पिशवीत प्लास्टिकचं व्हर्निअर कॅलिपर (मिलिमीटरमध्ये अचूक माप घेणारी पट्टी), दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च आणि फोनमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकून चाल मोजणारं ॲप. बस.

पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन सोयीची. साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला उतरलो की लोकलने सँडहर्स्ट रोड दुसरंच स्टेशन, आणि तिथून भेंडीबाजारातून चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटपर्यंत चालत जाता येतं. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना ग्रँट रोड जवळ. मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे घड्याळ घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण अंधार, गर्दी आणि झाकण उघडून बघायला कुणाला सवड नाही. शनिवारी अकरानंतर जा. ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची पोस्टरं, पितळी दिवे आणि गाड्यांचे सुटे भाग यांच्या मधेमधे जुन्या घड्याळांची काचेची कपाटं दिसायला लागतात.

पहिल्याच दुकानात पायलटचा अख्खा ट्रे समोर आला. भगवी डायल, पोपटी डायल, आकाशी डायल. जुना पायलट म्हणजे काळ्या डायलवर पांढरे ठळक अंक. असे सणासुदीचे रंग दिसले की ओळखावं, डायल मुंबईत रंगवलेली आहे. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. दुकानदार सचोटीचा होता. मी विचारायच्या आतच म्हणाला, "साहब, मशीन ओरिजिनल, डायल बंबई का. आठ सौ." हा भाव मला रास्त वाटला. रोज घालायला, पावसात न्यायला ८०० रुपयांत चावीचं चालतं घड्याळ मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही. दमट हवेने डागाळलेली डायल पुन्हा रंगवून घड्याळ हातावर परत आणणं ही कारागिरीच आहे. चूक होते ती रंगवलेलं घड्याळ जसंच्या तसं जुनं म्हणून विकलं जातं तेव्हा. ८०० आणि ३,००० यांतला सगळा फरक डायलमध्ये असतो, म्हणून डायल वाचायला शिकावं.

भिंगाखाली मूळ डायलवरची अक्षरं कडेला स्वच्छ, धारदार दिसतात. रंगवलेल्या डायलवर तीच जाड होतात, शाई पसरते, 'पॅराशॉक' आणि '१७ ज्युएल्स' हे इंग्रजीतले बारीक शब्द एकमेकांना चिकटतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नीट येतात का पाहा. काटे त्या रेघांपर्यंत पोचतात का पाहा, कारण दुसऱ्या घड्याळाचे काटे बसवले असतील तर सेकंदकाटा आखूड पडतो. अंधारात चमकणारा मसाला काट्यांवर पिवळट आणि डायलवर पांढराशुभ्र असेल, तर दोन्ही एका वयाचे नाहीत. फार जुन्या, महायुद्धाच्या काळातल्या घड्याळांच्या या मसाल्यात रेडियम असू शकतं. तशी घड्याळं घरी उघडू नका, मसाला खरवडू तर मुळीच नका.

मला मनापासून हवी होती ती देवनागरी डायलची जनता, १ ते १२ आपल्या अंकांतली. दिवसभरात अशा तीन पाहिल्या, आणि इथे मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. लहानपणापासून छापील देवनागरी वाचलेल्या डोळ्याला चुकीचं अक्षर लगेच खटकतं. पहिल्या घड्याळात 'जनता'ची शिरोरेषा मधेच जाड होत होती. दुसऱ्यात ५ आणि ८ वेगवेगळ्या हातांनी काढल्यासारखे, ९ एका बाजूला कललेला. रंगवणाऱ्याने आकृती म्हणून नक्कल केली होती, अक्षर म्हणून नाही. तिसरी डायल मात्र खरी वाटली, भिंगाखाली एकेक अंक रेखीव. भाव ६,०००. पण व्हर्निअर लावलं तर बॉडी ३८ ची निघाली, आणि डायलभोवती एक रुंद कडं घालून ती त्यात बसवलेली. खरी डायल, परकी बॉडी. हातात धरून बराच वेळ बघत राहिलो आणि परत दिलं. आकार मोजण्याचा हा दुसरा उपयोग मला त्या दिवशी कळला: माप चुकलं म्हणजे काहीतरी बदललेलं आहे.

बॉडीबद्दल आणखी थोडं. झाकणावर इंग्रजीत 'स्टेनलेस स्टील बॅक' कोरलेलं असलं, तर स्टीलचं फक्त झाकण असतं. बाकीची बॉडी बहुधा मुलामा दिलेल्या पितळेची. लगच्या टोकांना आणि चावीजवळ पिवळं पितळ उघडं पडलंय का पाहा. आणि लगच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, तर ते घड्याळ फार वेळा पॉलिश झालेलं आहे. काचेवरच्या ओरखड्यांची चिंता करू नका. ती ॲक्रिलिकची असते, घासून साफ होते.

किमतीचा हिशेब मी कागदावर लिहून नेला होता, आणि तुम्हीही न्यावा असं सुचवतो. आधी गृहीत धरा की सर्व्हिसिंग करावंच लागणार, मग दुकानदार काही म्हणो. आमच्याकडे त्याला ७०० रुपये पडतात. ते किमतीतून वजा करा. मग डायल, काटे, बॉडी, चावी, मशीन या पाचांतलं मूळचं किती ते बघा. डायल रंगवलेली असेल तर घड्याळ ८००-१,००० च्या वर नेऊ नका, मग ते कितीही चकाको. पाचही मूळचे असतील तर डायलवर डाग असला तरी जास्त द्यायची तयारी ठेवा. डाग हा दोष कमी, पुरावा जास्त. इंटरनेटवर लोक जे भाव लावतात ते धरू नका, ज्या भावाला माल खरोखर विकला गेला तो शोधा. दोन्हींत कधीकधी दुपटीचं अंतर असतं. आणि दुर्मिळ म्हणून सांगितलं तर घाई करू नका. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि जनता तिथून वर्षानुवर्षं बाहेर पडत राहिली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतल्यावर मागणी वाढली हे खरं, पण साधी जनता आजही मिळते. तिच्यातल्या ०२३१ मशीनचे सुटे भागही मिळतात, म्हणून पहिलं जुनं घड्याळ हेच घ्या असं मी सांगेन.

दुपारी जेवून तिसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या वयस्कर चाचांनी न सांगता झाकण उघडून दिलं. जो स्वतःहून झाकण उघडतो त्याच्याशी बोलायला मजा येते. पांढऱ्या डायलची जनता, चारच्या खुणेजवळ एक तांबूस डाग, अक्षरं धारदार, व्हर्निअरवर ३५, लग ते लग ४२. ॲप तासाला १८,००० ठोक्यांवर लावलं, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. चाल दिवसाला ४० सेकंद पुढे. सर्व्हिसिंग न झालेल्या घड्याळाला हे चांगलंच. भाव ३,५००. मी माझा हिशेबाचा कागदच त्यांच्यापुढे ठेवला. "चाचा, सर्व्हिस का खर्चा मेरा, इसलिए दो हजार बोल रहा हूँ." त्यांनी कागद वाचला, हसले, आणि २,४०० ला दिलं. घड्याळाचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो त्यांच्यासमोरच काढून घेतला. पावती मिळत नाही, तेव्हा एवढं तरी करावंच.

भाच्याने जनता हातावर घालून पाहिली. "छान आहे, पण तुमचीच आहे ही," म्हणाला. त्याच्या रुंद मनगटाला जपानी सेको ५ शोभलं, ३७ मिलिमीटरचं, वार-तारखेचं, ७००९ मशीनचं. सेकोत तपासणी सोपी असते. झाकणावरचा नंबर ७००९ ने सुरू झाला पाहिजे, आणि डायलच्या अगदी तळाला बारीक अक्षरांतही तोच मशीन नंबर दिसला पाहिजे. दोन्ही जुळले. हे मशीन चावीने भरत नाही, हातावर हलवलं की चालू होतं, त्यामुळे चावी दिली तरी काही होत नाही म्हणून घाबरू नका. २,६०० सांगितले, २,००० ला ठरलं.

सोमवारी दोन्ही घड्याळं आमच्या घड्याळजींकडे नेली. त्यांनी जनतेचं झाकण उघडलं, भिंग लावलं, आणि या वेळी बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डायलला हात लावू नका. डाग राहू दे." मुख्य स्प्रिंग थकली होती, ती बदलली, मशीन धुऊन तेल घातलं. सर्व्हिसिंगचे ७०० आणि स्प्रिंगचे २५० झाले. आता दिवसाला १५ सेकंद पुढे जातं. पट्टा १८ मिलिमीटरचा घ्या, २० चा कोंबून बसवू नका, लगच्या आतल्या कडा खरवडल्या जातात. मी साधा तपकिरी चामड्याचा घेतला, वडिलांचा होता तसा. रोज सकाळी दाढी झाली की चावी देतो.